सगळे मोठी गाडी घेतायत, मग आपण छोटी का घ्यावी?

प्रश्न थोडक्यात: कोथरूडच्या एक वाचक लिहितात. घरात चौघं आहेत: त्या, नवरा, दहावीतला मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात. २०१२ ची वॅगन आर आता बदलायची आहे. गाडी मुख्यतः त्याच चालवतात. रोज नारायण पेठेतली शाळा, बाजारहाट, दवाखाना असे महिन्याला ७००-८०० किलोमीटर होतात आणि वर्षातून चार-पाच वेळा साताऱ्याला माहेरी जाणं होतं. त्यांना पुन्हा छोटीच गाडी हवी आहे. नवरा आणि दीर म्हणतात, "आता छोटी कोण घेतं? कंपन्या बंद करतायत, सुरक्षित नाही, विकताना भाव येणार नाही." शोरूममध्ये सांगितलं गेलं की मोठ्या गाडीचा हप्ता फक्त चार हजारांनी जास्त पडेल. बजेट सात-आठ लाखांचं होतं, ते आता अकरावर जाऊन पोचलंय. "छोट्या गाड्यांचा खप इतका पडलाय म्हणजे त्यांच्यात काहीतरी खोट असणारच, असं आता मलाही वाटायला लागलंय. माझाच हट्ट चुकतोय का?"

ताई,

खपापासूनच सुरुवात करू, कारण घरातला सगळा वाद त्या एका मुद्द्यावर उभा आहे. खप पडलाय हे खरं आहे. वाहन कंपन्यांच्या संघटनेच्या, म्हणजे सियामच्या आकड्यांप्रमाणे २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहनं विकली गेली. त्यातली २८ लाखांच्या आसपास 'युटिलिटी व्हेइकल' या खान्यात मोडणारी होती, आणि हॅचबॅक-सेडान सगळ्या मिळून साडेतेरा लाख. शंभर गाड्यांतल्या ६५ या उंच खान्यातल्या. दिरांनी हाच आकडा कुठेतरी वाचला असणार.

पण त्या खान्यात कोण कोण बसलंय ते बघा. २०२४ या वर्षात देशात सगळ्यांत जास्त विकली गेलेली गाडी होती टाटा पंच. तेव्हा तिची लांबी ३,८२७ मिलिमीटर. जिला कुणीही एसयूव्ही म्हणणार नाही ती स्विफ्ट ३,८६० मिलिमीटरची. म्हणजे 'मोठी' समजली जाणारी गाडी 'छोटी'पेक्षा तीन सेंटिमीटर आखूडच होती. एसयूव्ही म्हणून विकली जाणारी फ्राँक्स ही बलेनो या हॅचबॅकच्याच पायावर उभी आहे, तरी आकडेवारीत दोघी वेगवेगळ्या रकान्यांत जातात. हॅचबॅक थोडी उचलायची, चाकांच्या कमानींवर काळं प्लास्टिक चढवायचं, बॉनेट सपाट करायचं, की तिचा खाना बदलतो. लोक मोठ्या गाड्यांकडे वळलेत यात तथ्य आहे, पण ६५ टक्क्यांतला मोठा हिस्सा अशा उंच केलेल्या छोट्या गाड्यांचा आहे. आणि त्याच २०२४-२५ या आर्थिक वर्षात सगळ्यांत जास्त खपलेलं मॉडेल कोणतं? तुमचीच वॅगन आर, १.९८ लाख गाड्या.

मग पडलं काय? पडला तो अगदी खालचा थर: अल्टो, क्विड, एस-प्रेसो यांचा. त्यामागचं कारण गाडीत शोधण्यापेक्षा गिऱ्हाइकात शोधायला हवं. ही गाडी घ्यायचं दुचाकीवरून उतरणारं कुटुंब, पहिलीच गाडी, पै-पैचा हिशोब. त्यांच्यासाठी किमतीचा तळ काही वर्षांत वर गेला. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागू लागला. २०१९ मध्ये एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराबाबतचा कडक नियम आला, पुढच्या वर्षी शेजारच्या सीटची एअरबॅग, आणि २०२३ मध्ये बीएस-६ चा दुसरा टप्पा. यातलं एकही पाऊल चुकीचं नव्हतं. पण एबीएसचं युनिट गाडी छोटी म्हणून स्वस्त मिळत नाही. जी वाढ बारा लाखांच्या गाडीत कळतही नाही, ती साडेतीन लाखांच्या गाडीत गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवते. ते गिऱ्हाईक मोठ्या गाडीकडे गेलेलं नाही. ते दुचाकीवरच राहिलं किंवा जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलं. वरच्या थराचं उत्पन्न वाढत राहिलं, त्यामुळे तिथली खरेदी थांबली नाही, आणि एकूण बेरजेत मोठ्या गाड्यांचा वाटा फुगला.

कंपन्यांनीही आपापला हिशोब केला. असेंब्ली लाइनवर एका गाडीची जागा तेवढीच, पण नफा मोठ्या गाडीत कितीतरी जास्त. म्हणून नवी मॉडेलं, नवे रंग, जाहिराती सगळं तिकडे गेलं. ऑन २०१९ मध्ये थांबली, सँट्रो आणि रेडी-गो २०२२ मध्ये, अल्टो ८०० २०२३ मध्ये. दुकानात माल कमी ठेवायचा आणि मग म्हणायचं की गिऱ्हाईक येत नाही, असं हे चक्र आहे.

सरकारच्या कररचनेनंही हातभार लावला. आपल्याकडे 'छोटी गाडी' म्हणजे ४ मीटरच्या आतली, पेट्रोल असेल तर १,२०० सीसीपर्यंत. ३.५ मीटरच्या अल्टोला आणि ३.९९ मीटरच्या नेक्सॉन पेट्रोलला कराचा दर एकच. मग कंपनी ३,९९५ मिलिमीटरवर जाऊनच थांबणार, अलीकडे कशाला थांबेल? जपानमध्ये 'केई' गाड्यांसाठी ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी आणि ६६० सीसी अशी घट्ट चौकट आहे आणि त्या चौकटीला वेगळ्या सवलती आहेत, त्यामुळे तिथे खऱ्या अर्थानं छोटी गाडी टिकून आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे या खान्याचा जीएसटी २९-३१ टक्क्यांवरून १८ वर आला. अल्टो के१० ची सुरुवातीची किंमत तेव्हा ३,६९,९०० झाली आणि छोट्या गाड्यांची विचारपूस वाढल्याचं कंपन्यांनीही सांगितलं. पण दर सगळ्या खान्याला सारखाच उतरला, त्यामुळे रुपयांत बघितलं तर जास्त सूट ३,९९५ वाल्यांना मिळाली.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की दुसऱ्यांच्या खरेदीची कारणं तुमच्या घराला लागू नाहीत. तुम्ही पहिली गाडी घेत नाही आहात, बजेटचा तळ तुम्हाला टोचत नाही, आणि नफ्याची काळजी कंपनीला, तुम्हाला नाही. आता घरच्यांचे आक्षेप एकेक करून बघू. त्यातला एक चांगलाच वजनदार आहे.

आधी चार हजारांचा हप्ता. शोरूममध्ये हे गणित कसं मांडलं गेलं असेल त्याचा अंदाज येतो. छोटी गाडी एक्स-शोरूम ६ लाख, ऑन-रोड ७ लाख धरू. २ लाख हातचे, ५ लाख कर्ज, ५ वर्षं, व्याज ९ टक्के: हप्ता १०,३७९ रुपये. मोठी गाडी एक्स-शोरूम साडेनऊ, ऑन-रोड ११ लाख. २ लाख हातचे, ९ लाख कर्ज, पण इथे मुदत गुपचूप ७ वर्षं: हप्ता १४,४८० रुपये. फरक ४,१०१. म्हणजे सेल्समन खोटं बोलला नाही, त्यानं फक्त मुदत बदलली. तेच ९ लाख ५ वर्षांवर घ्या, हप्ता १८,६८३ होतो आणि फरक आठ हजारांवर जातो. सात वर्षांत तुम्ही बँकेला १२ लाख १६ हजार देता, छोट्या गाडीला पाच वर्षांत ६ लाख २३ हजार. कर्जातला फरक ४ लाखांचा, परतफेडीतला जवळजवळ ६ लाखांचा. शिवाय ती शेवटची दोन वर्षं, जेव्हा मुलगा कॉलेजात असेल. कुठल्याही दोन गाड्यांची तुलना करताना मुदत सारखी ठेवूनच हप्ता लिहून मागा.

ऑन-रोडच्या कागदावरही नजर टाका. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के एकरकमी रोड टॅक्स आहे: ६ लाखांवर ६६ हजार, साडेनऊवर १ लाख ४ हजार. आणि १० लाखांची रेषा ओलांडली की सगळ्या रकमेवर १२ टक्के, म्हणून ९.९० आणि १०.१० लाखांच्या दोन मॉडेलांतला खरा फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. थर्ड पार्टी विम्याचा तीन वर्षांचा हप्ता २०२२ साली ठरलेल्या दरांप्रमाणे १,००० सीसीच्या आत ६,५२१ रुपये, १,००० ते १,५०० मध्ये १०,६४०, जीएसटी वेगळा. ही रक्कम छोटी आहे, फार विचार करू नका. पेट्रोलचा करा. महिन्याला ८०० किलोमीटर म्हणजे वर्षाला ९,६००. पेठांतल्या रहदारीत छोटी गाडी लिटरला १७ आणि सव्वा टनाची टर्बो इंजिनाची मोठी गाडी १२ देईल असं धरलं, आणि पेट्रोल १०४ रुपये, तर वर्षाचा खर्च अनुक्रमे ५८,७०० आणि ८३,२००. म्हणजे साडेचोवीस हजारांचा फरक दरवर्षी. टायर बदलायची वेळ आली की छोट्या गाडीचं १३ इंची टायर आणि मोठ्या गाडीचं २१५/६० आर१६ टायर यांच्या किमतीतही साधारण दुपटीचा फरक पडतो.

सीएनजी घ्यावी का, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक ओळ: महिन्याला ८०० किलोमीटरसाठी मला तो सौदा वाटत नाही. जास्तीचे पैसे वसूल व्हायला वर्षं जातात, डिकी टाकीनं भरते आणि पंपावरची रांग वेगळीच.

आता तो वजनदार आक्षेप, सुरक्षिततेचा. इथे तुमचे मिस्टर अर्धे बरोबर आहेत. दोन गाड्या समोरासमोर धडकल्या तर जड गाडीतल्यांना कमी झटका बसतो. हे भौतिकशास्त्र आहे, त्यावर वाद नाही. आणि तुमच्या आवडत्या गाडीबद्दल सांगायलाच हवं: २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत वॅगन आरला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी १ तारा मिळाला आणि तिचा सांगाडा 'अस्थिर' ठरला. त्याच वर्षी अल्टो के१० ला २ तारे मिळाले, सांगाडा मात्र स्थिर. २०२५ पासून मारुतीनं या दोन्ही गाड्यांत ६ एअरबॅगा सरसकट दिल्या आहेत, हे चांगलंच आहे. पण एअरबॅग वाढल्यानं सांगाडा बळकट होत नाही. एअरबॅग डोकं-छाती वाचवते, पायांजवळचा पत्रा आत येणं थांबवत नाही.

तरीही 'छोटी म्हणजे असुरक्षित' हे समीकरण टिकत नाही. ३,७६५ मिलिमीटरच्या टियागोला २०२० मध्ये ४ तारे मिळाले, पंचला २०२१ मध्ये ५, दोन्ही तेव्हाच्या जुन्या नियमांनुसार. उलट कितीतरी भारदस्त दिसणाऱ्या गाड्यांनी चाचण्यांत मान टाकलीय. ताऱ्यांची तुलना करताना दोन पथ्यं पाळा. एक, चाचणीचं साल बघा, कारण २०२२ मध्ये नियम कडक झाले. २०२१ चे ५ आणि २०२३ चे ५ सारखे नाहीत. दोन, अडथळ्यावरच्या चाचणीत गाडी साधारण स्वतःच्याच वजनाच्या गाडीला धडकल्यासारखी असते. म्हणून तारे सारख्या वजनाच्या गाड्यांतच ताडून बघायचे. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही आपली स्वतःची धडक-चाचणी सुरू आहे. तुम्ही बघताय त्या गाडीचा निकाल त्यांच्या संकेतस्थळावर आहे का ते बुकिंगआधी तपासा. आणि सासूबाई मागे बसतात तेव्हा पट्टा लावतात का? मागचा पट्टा न लावलेला माणूस धडकेत पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्याला चेपतो. गाडी कुठलीही आणा, हा नियम पहिल्या दिवसापासून.

तुमचं रोजचं चालवणं नारायण पेठेत आहे. तिथे ताशी वीसच्या वर काटा जात नाही, आणि धोका असतो तो दुचाकीला आरसा घासण्याचा. जोखीम आहे ती साताऱ्याच्या रस्त्यावरच्या चार-पाच फेऱ्यांत. दर आठवड्याला महामार्गावर जाणारं कुटुंब असतं, तर मी वजन आणि तारे यांना पहिला क्रमांक दिला असता. तुमच्या बाबतीत दुसरा. पण दुसराच, शेवटचा नाही.

पहिला क्रमांक पार्किंगला. पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही, आणि पुण्यात गाडी घेताना बहुतेकांचं इथेच फसतं. सोसायटीतल्या तुमच्या जागेची रुंदी खांबापासून खांबापर्यंत मोजा, मधल्या पट्ट्यापर्यंत नव्हे. माहितीपत्रकात दिलेल्या रुंदीत आरसे धरलेले नसतात. त्या रुंदीत चालकाच्या बाजूला दार उघडून उतरायला निदान ६० सेंटिमीटर मिळवा. वॅगन आर १,६२० मिलिमीटर रुंद आहे, पंच १,७४२, ब्रेझा १,७९०, नेक्सॉन १,८०४. कागदावर १८ सेंटिमीटर किरकोळ वाटतात, पण खांबाला लागून उभ्या गाडीतून साडी सावरत उतरताना तेवढ्याच अंतरासाठी जीव मेटाकुटीला येतो. सोपी परीक्षा अशी: खडूनं जमिनीवर नव्या गाडीची लांबी-रुंदी आखा, शेजारच्यांची गाडी जागेवर असताना. मग आपली जुनी गाडी त्या आखणीच्या बाहेरच्या कडेला लावून दार उघडून बघा.

सोसायटीत स्टॅक पार्किंग (यंत्रानं गाड्या एकावर एक लावायची सोय) असेल तर यंत्रावरची पाटी वाचा. तिच्यावर लांबी, रुंदी, उंची आणि वजन अशा चारही मर्यादा लिहिलेल्या असतात. इथे एक गंमत आहे. बऱ्याच यंत्रांत खालचा किंवा मधला मजला सेडानच्या उंचीचा, सुमारे १,५५० मिलिमीटरचा असतो. तिथे १,६७५ उंचीची वॅगन आरही बसत नाही, १,५२० ची अल्टो बसते. तेव्हा 'छोटी आहे म्हणजे बसेलच' असं धरून चालू नका.

शाळेजवळचं पार्किंग तर तुम्ही माझ्याहून जास्त जाणता: सम-विषम तारखा, दुचाकींच्या रांगा आणि वाड्याच्या दारावर गाडी लावणाऱ्याची अक्कल काढणारी पाटी. तिथे वळणाची त्रिज्या कामाला येते. अल्टोची ४.५ मीटर, वॅगन आरची ४.७, चार मीटरच्या एसयूव्ही पाचाच्या पुढे. बोळातून एका दमात वळणं आणि तीनदा मागे-पुढे करणं यांत एवढाच फरक असतो.

सासूबाईंचे गुडघे. 'उंच गाडी त्यांना बरी' असं घरी म्हटलं गेलं असेल, पण नेहमी तसं नसतं. गुडघे दुखणाऱ्याला ना खाली बसकण मारावी लागली पाहिजे, ना वर चढावं लागलं पाहिजे. घरातली ज्या खुर्चीवरून त्या आधार न घेता उठतात तिची उंची टेपनं मोजा. शोरूममध्ये जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंतची उंची मोजा. त्याबरोबर दाराचा खालचा उंबरा किती रुंद आहे तेही बघा, कारण पाय त्यावरून पलीकडे टाकावा लागतो. वॅगन आरची बैठक या कामात फार चांगली आहे, टियागोची खाली पडते. पंचची दारं ९० अंशांत उघडतात, हे त्यांना सोयीचं. पण खांबाजवळ ९० अंश मिळणार आहेत का, ते वरच्या खडूच्या आखणीत बघा. आणि सासूबाईंना शोरूममध्ये घेऊन जा. पुढच्या सीटवर दोनदा, मागच्या सीटवर दोनदा बसवून-उठवून बघा. पहिल्या वेळी माणूस संकोचानं नीट सांगत नाही.

'छोटी गाडी घाटात दम टाकते' हेही ऐकलं असेल. टनामागे किती ताकद मिळते ते बघू. अल्टो के१० चं इंजिन ६७ पीएसचं (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्ती) आणि गाडीचं वजन सुमारे साडेसातशे किलो. चार माणसं-सामान ३०० किलो धरलं तर टनामागे ६४ पीएस. टर्बो नसलेली पंच ८८ पीएस आणि साधारण टनभर वजनाची: तोच भार टाकून ६८. म्हणजे उंच दिसणारी गाडी घाटात फार पुढे नाही. १.२ लिटरचं इंजिन असलेली वॅगन आर या दोघींपेक्षा हलकी चढेल, म्हणून वॅगन आर घेणार असाल तर १.० ऐवजी १.२ घ्या. परीक्षा कात्रजच्या जुन्या घाटात घ्या, चौघं बसून, एसी चालू ठेवून. तिसऱ्यात गाडी कुथायला लागली तर आधीच दुसरा टाका. छोट्या इंजिनात लोक उशिरा गिअर बदलतात आणि दोष गाडीला देतात. एएमटी (क्लच-गिअर आपोआप बदलणारी) घेत असाल तर चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकते का, ते तिथेच कळेल.

स्पीडब्रेकरला पोट घासण्याची भीती असेल तर निव्वळ ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बघू नका. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर कमी असलं की पोट उंचवट्यावरून सुटतं, म्हणून लांब सेडान घासते तिथून आखूड हॅचबॅक निघून जाते. चौघं बसून सोसायटीच्या दारातल्या ब्रेकरवरून टेस्ट ड्राइव्हची गाडी न्या. त्यासाठी घरी टेस्ट ड्राइव्ह मागा, देतात. घासली तर ती गाडी नको. नंतर स्प्रिंगमध्ये रबराचे ठोकळे बसवून गाडी उचलून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. सस्पेन्शनची घडी बिघडते आणि वॉरंटीवरून वाद होतो.

विकतानाच्या भावाची काळजी सोडा. जुन्या बाजारात छोटी गाडी मागणारं गिऱ्हाईक तेच, जे नव्या गाडीच्या शोरूममधून परत गेलं. टक्क्यांत भाव कसाही पडो, ७ लाखांच्या गाडीत बुडायला पैसेच कमी असतात. सुट्या भागांचंही तसंच. वॅगन आर १.० चं ९९८ सीसी इंजिन अल्टो के१०, एस-प्रेसो, सेलेरिओ या सगळ्यांत आहे. नाना पेठेत त्याचे भाग मिळणं बंद होईल असा दिवस निदान तुमच्या कर्जाच्या मुदतीत तरी येत नाही. जिची चार-पाच हजार गिऱ्हाइकं आहेत अशी एखादी दुर्मीळ मोठी गाडी घेतलीत, तर मात्र बंपरसाठी महिनाभर थांबायची तयारी ठेवा.

माझं मत विचाराल तर ११ लाखांची चार मीटरची गाडी तुमच्या घराच्या गरजेत बसत नाही. खरी निवड वॅगन आर १.२ आणि पंचसारखी ३.८ मीटरची उंच गाडी या दोघींत आहे. खडूच्या आखणीत १,७४२ ची रुंदी आरामात बसली आणि सासूबाईंना चढायला जमलं, तर पंच घ्या, खालच्या-मधल्या मॉडेलात. सांगाडा चांगला आहे आणि मिस्टरांनाही एसयूव्ही मिळाल्याचं समाधान. नाही बसली, तर वॅगन आर, आणि साताऱ्याच्या रस्त्यावर ताशी ८० च्या वर नाही. सनरूफ आणि मोठा पडदा यांसाठी वरचं मॉडेल घेऊ नका. त्याच पैशात कर्ज एक वर्षानं आखूड होतं.

आणखी एक वाट आहे: थोडं थांबण्याची. २०१२ ची गाडी २०२७ पर्यंत पहिल्याच नोंदणीवर चालते, पुढे आरटीओत फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. त्याचं शुल्क २०२२ मध्ये ५,००० रुपये झालं. भरवशाच्या मेकॅनिककडून चार गोष्टी बघून घ्या: सायलेन्सरमधून निळा धूर, क्लच, पुढचे लोअर आर्म, आणि चटई उचलून तळाच्या पत्र्याचा गंज. दुरुस्ती ३० हजारांच्या आत भागत असेल तर थांबण्यात शहाणपण आहे. तळ गंजला असेल तर एक पैसाही घालू नका.

घ्यायचंच ठरलं तर बिलात 'हँडलिंग' नावाची रक्कम दिसली की काढायला सांगा, ॲक्सेसरीजचं पॅकेज नाकारा, विमा बाहेरून घेण्याचा हक्क तुमचा आहे. गाडी कुठल्या महिन्यात बनली ते लेखी घ्या. वर्ष बदलताना जुना साठा नव्या भावात खपवला जातो. जुन्या गाडीसाठी तीन ठिकाणी भाव काढा, एक्सचेंज बोनस त्यात वेगळा मांडायला सांगा. विकताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून त्यांच्या प्रती, डिलिव्हरीची तारीख-वेळ लिहिलेली पावती जवळ ठेवा, फास्टॅग बंद करा, आणि आरसी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचं वाहन पोर्टलवर स्वतः बघा. तोवर त्या गाडीचं चलान आणि अपघात, दोन्ही तुमच्या नावावर येतात. पाच वर्षं क्लेम केला नसेल तर तुमचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर असेल. तो गाडीचा नसून तुमचा आहे. विमा कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यात तेवढी सूट मिळते. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, त्यामुळे जुनी विकल्यावर नवी यायला दोन महिने लागले तरी ते वाया जात नाही.